गोटा टायर आणि कडक टायर

पावसाळा लागला की चोर्ला, आंबोली घाटांचे बेत ठरतात आणि बेळगावात दरवर्षी तेच ऐकू येतं: "नक्षी भरपूर आहे, टायरला काय होतंय?" ही समजूत फार धोक्याची आहे.

गोटा झालेला टायर सगळेच ओळखतात. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटरची. पावसात घाट उतरायचा तर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी चालवून घेणार नाही. उथळ खाचेतून पाणी पुरेसं बाहेर जात नाही, एवढं पुरे.

खरी फसगत होते ती कडक टायरने. टिळकवाडीतल्या अंगणात वर्षानुवर्षं उन्हात उभी असलेली, भाजीला आणि लग्नकार्याला तेवढी बाहेर निघणारी गाडी घ्या. नक्षी नव्यासारखी, पण रबर वाळलेलं. ऊन, हवा आणि ओझोन यांनी रबर न चालवताही कडक होतं. खाच पाणी बाजूला सारते, पण ओल्या डांबराला धरून ठेवतं ते मऊ रबर. ते कडक झालं की खाच कितीही खोल असो, वळणावर ब्रेक दाबला की गाडी सरळ घसरत जाते. शिवाय आतल्या थरांची पकड सैल पडते. पाच माणसं, डिकीत सामान आणि तापलेला टायर, अशा वेळी वरचा थर सुटूही शकतो.

हे ओळखायचं कसं? टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे वाचा. १४१७ म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर चाकाच्या आतल्या बाजूला बघा. मग खाचेच्या तळाशी आणि बाजूवर बारीक भेगा शोधा. नख दाबून बघा: प्लास्टिकसारखं टणक लागलं तर शंका घ्या. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षं झाली की नक्षी न बघता काढावा, असं टायर कंपन्याच सांगतात. घाटासाठी मी सात-आठ वर्षांवर थांबतो. दुकानदार "नवीन स्टॉक" म्हणाला तरी बसवण्याआधी आकडे स्वतः वाचा.

हवेऐवजी नायट्रोजन भरला तरी कडक झालेलं रबर पुन्हा मऊ होत नाही. दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे घाला. पुढे घालायची आपल्याकडची सवय चुकीची आहे, मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते.

आणि स्टेपनी बघा. ती बहुधा गाडीबरोबरच आलेली आणि कधीच न वापरलेली असते, म्हणून तिची नक्षी सगळ्यात छान दिसते. चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढे पंक्चर झालं तर तीच चढवावी लागणार, तेव्हा तिचेही चार आकडे निघायच्या आदल्या दिवशी वाचून ठेवा.