‘एकरकमी’ एफआरपी : उसाच्या बिलामागची पार्श्वभूमी

१७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारचा तीन वर्षांपूर्वीचा एक शासन निर्णय रद्द केला. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा दर, ठरवणं हा केंद्राचा अधिकार आहे, राज्याला त्याचे तुकडे करता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. कोल्हापूर, सांगली भागात त्या दिवशी ऊसवाल्यांच्या फोनवर एकच शब्द फिरत होता : एकरकमी. हा शब्द आला कुठून आणि तो एवढा जिव्हाळ्याचा का झाला, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं जायची गरज नाही. १९३२ साली परदेशी साखरेपासून संरक्षण मिळालं, १९५०मध्ये प्रवरेत सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या वादासाठी त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची. कारखाने उभे राहिले ते राज्य सरकारच्या भागभांडवलावर आणि थकहमीवर. त्यामुळे सरकार कारखान्याचं भागीदारही होतं आणि त्याच्यावरचं नियंत्रकही. मंत्रालयात दराच्या बैठकीला बसणारे आणि कारखान्याच्या संचालक मंडळात बसणारे बऱ्याचदा एकाच घरातले असत. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारं त्या टेबलावर कोणीच नसायचं.

केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश १९६६चा. त्यात ‘किमान दर’ म्हणजे एसएमपी होता, पण आपल्याकडे त्याला फारसं कुणी मोजत नसे. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चांगला असलेले कारखाने त्याहून बराच जास्त दर देत. पहिली उचल किती द्यायची हे मंत्री समिती ठरवायची, पावसाळ्याच्या तोंडावर दुसरा हप्ता यायचा आणि दिवाळीला तिसरा. किमान दरापेक्षा दिलेले हे जादा पैसे म्हणजे नफ्याचं वाटप, असं धरून आयकर खात्याने कारखान्यांना नोटिसा काढल्या. ते दुखणं २०१५च्या आणि पुढे २०२३च्या अर्थसंकल्पातल्या दुरुस्त्यांपर्यंत चाललं. हप्त्यांची सवय मात्र याच काळात पक्की झाली. सभासद आपला, कारखाना आपला, मग थोडं थांबायला काय हरकत, असं त्यामागचं गृहीतक होतं.

२००९मध्ये एसएमपी गेला आणि एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आला. पहिल्या वर्षी तो क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होता, ९.५ टक्के उताऱ्याला. जुन्या आदेशात कारखान्याचा जादा नफा शेतकऱ्याबरोबर निम्मा वाटून घेण्याचं एक कलम होतं, तेही याच दुरुस्तीत गेलं. म्हणजे हंगामानंतरच्या वाट्याचा कायदेशीर आधार संपला आणि शेतकऱ्याच्या हातात उरला तो एफआरपी. यानंतर आंदोलनाची भाषाच बदलली. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी मागणीचा आकडा जाहीर व्हायचा. २०१२च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, पहिल्या उचलीच्या मागणीवरून रस्ते पेटले आणि सांगली जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला. पुढच्याच वर्षी राज्याने महसूल वाटपाचा कायदा केला : साखर आणि उपपदार्थ धरून ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेचे ७५ टक्के शेतकऱ्याला, पण एफआरपीच्या खाली नाही.

आता मूळ गाठ. ‘एकरकमी’ हा शब्द आंदोलनाचा आहे, केंद्राच्या आदेशाचा नाही. आदेश म्हणतो की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत ठरलेला दर द्यायचा, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. शेतकऱ्याचा अर्थ सरळ आहे : दर म्हणजे पुरा दर, तो १४ दिवसांत, म्हणजे एकरकमी. पण त्याच कलमात एक पळवाट आहे. दोघांत लेखी करार वेगळा असेल तर ही मुदत लागू नाही. कारखान्यांनी नेमकं तेच धरलं. ऊस नोंदीच्या अर्जात बारीक अक्षरात एक ओळ यायची की बिल टप्प्याटप्प्याने घेण्यास माझी संमती आहे. चिटबॉय, म्हणजे नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस, बांधावर येतो, सातबाराची झेरॉक्स घेतो, अंगठा किंवा सही घेतो. नोंद झाली नाही तर तोड वेळेवर येत नाही, हे माहीत असलेला माणूस ती ओळ कशाला वाचत बसेल? याला संमती म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

२१ फेब्रुवारी २०२२च्या शासन निर्णयाने ही पळवाट सरकारी धोरण केली. पहिला हप्ता पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के उतारा धरून, बाकीकडे ९.५ टक्के धरून. उरलेला फरक हंगाम संपल्यावर, त्याच वर्षाचा खरा उतारा काढून. दिसायला हे निर्दोष दिसतं. इथेनॉलकडे रस वळायला लागल्यापासून मागच्या वर्षीचा उतारा, ज्यावर तोवर दर काढला जायचा, या वर्षाला लागू पडत नाही, हा कारखान्यांचा मुद्दा खोटाही नव्हता. पण एका बिलावर काय झालं ते बघा. त्या हंगामात एफआरपी १० टक्क्यांना क्विंटलला २९० रुपये होता आणि वरच्या प्रत्येक पॉइंट एक टक्क्याला २ रुपये ९० पैसे. कोल्हापूरकडच्या १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्याचा दर टनाला ३,४८० होतो. तोडणी-वाहतूक समजा ७००, हातात २,७८०. नव्या निर्णयाने पहिला हप्ता २,९०० वर काढायचा, म्हणजे हातात २,२००. टनामागे ५८० रुपये मागं. ५० टन ऊस घालणाऱ्याचे २९ हजार रुपये कारखान्याकडे बिनव्याजी राहिले. चांगल्या उताऱ्याच्या पट्ट्यालाच हा फटका जास्त, कारण १० टक्क्यांच्या वर जितकं जाल तितकं मागं राहतं.

त्या माणसाने आडसालीला दीड वर्ष रान अडकवलेलं असतं. बिल खात्यावर पडायच्या आधी त्यातून सोसायटीची वसुली होते. मुदतीत पीककर्ज फिरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. आमच्या घरी बिलाच्या पट्ट्या खिळ्याला टोचून ठेवत. त्यातल्या कपातींच्या रकान्यांवर वडील पेन्सिलीने खुणा करायचे आणि शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढायचे. दुसरा हप्ता कधी, हा प्रश्न त्या रेघांखाली कायम मोकळाच असायचा.

कारखान्यांची अडचणही इथेच सांगायला हवी. साखर चार-पाच महिन्यांत तयार होते आणि वर्षभर विकली जाते. पोत्यांवर बँक मालतारण कर्ज देते, त्यातून पहिलं बिल निघतं. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९मध्ये केंद्राने किलोला ३१ रुपये केला. त्या हंगामात एफआरपी २७५ होता, २०२५-२६साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ झाला. उसाचा दर दिल्लीने बहुतेक वर्षी वाढवला, साखरेचा किमान दर वर्षानुवर्षं तिथेच ठेवला, कारण शहरातला ग्राहक दुखवायचा नसतो. मधली तूट भरून काढायला राज्याने शेतकऱ्याचा हप्ता मागं ढकलला. दिल्लीकडे भांडायचं ते भांडण बांधावर आणलं.

न्यायालयाने निर्णय रद्द केला, पण लेखी कराराचं कलम आदेशात आहे तसंच आहे. थकबाकीदार कारखान्यावर साखर आयुक्तालय आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, काढतं, जप्तीची भाषा होते, तोवर पुढचं गाळप सुरू झालेलं असतं. येत्या हंगामाच्या नोंदी घेताना त्या अर्जात बारीक अक्षरातली ओळ राहते की जाते, तेवढं आता बघायचं आहे.