वायर घेताना पिकोफॅरड विचारा

जुना ॲम्प्लिफायर मिळाला, रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा बदलून झाला, सुई नवी बसली, की उरतो वायरींचा प्रश्न. त्यावर सल्ले देणारे पुष्कळ. कोणी म्हणतो, वायर ती वायर, काहीही लावा. कोणी सेटच्या किमतीहून महाग केबल घ्यायला लावतो. दोघेही सगळ्या वायरी एकाच मापाने मोजतात. रेकॉर्ड प्लेअरची वायर, टेप डेकची वायर आणि स्पीकरची वायर या तिघींचं काम वेगळं, दुखणीही वेगळी. यातली पहिली सर्वांत नाजूक, आणि नेमकं तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

बऱ्याच जुन्या प्लेअरवर मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, असतं. सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक, त्याच्या शेजारी केसासारख्या तारेची वेटोळी. तबकडीतल्या खाचेतून सुई थरथरते, चुंबक हलतो आणि वेटोळ्यात ३ ते ५ मिलिव्होल्टचा संकेत उमटतो. या वेटोळ्याचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, बऱ्याचदा अर्ध्या हेन्रीच्या आसपास असतो. आता केबलकडे बघा. मध्ये तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तांब्याची जाळी: दोन धातूंच्या मध्ये निरोधक, म्हणजे हा सरळसरळ विद्युतभार साठवणारा कपॅसिटरच झाला. ही साठवण म्हणजे कपॅसिटन्स, तो पिकोफॅरडमध्ये मोजतात; साध्या केबलीचा दर मीटर लांबीला ५० ते १५० पिकोफॅरड असतो. वेटोळं आणि कपॅसिटर एकत्र आले की ठरावीक कंपनसंख्येला अनुनाद होणारच, म्हणजे तेवढाच संकेत उसळणार. जुन्या रेडिओत स्टेशन लावताना आपण हेच तर करायचो.

आकडे टाकून पाहू. वेटोळं ५०० मिलिहेन्रीचं आणि एकूण कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड असेल तर अनुनाद सुमारे २२ किलोहर्ट्झवर, म्हणजे कानाच्या टप्प्याबाहेर. २५० पिकोफॅरड झाले की तो १४ किलोहर्ट्झवर येतो, ५०० झाले की १० किलोहर्ट्झवर. तिथे आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या पुढे उतार लागतो. ॲम्प्लिफायरचा ४७ किलोओहमचा रोध हा उंचवटा दाबतो, पण पुरता सपाट करत नाही. गायिकेचा ‘स’ कानाला टोचू लागला की लोक सुईला दोष देतात. दोष पुष्कळदा लांबलचक वायरीचा असतो.

म्हणून कमीत कमी कपॅसिटन्सची केबल घ्यावी, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. शुअर कंपनीचं १९७३चं व्ही-१५ टाइप थ्री हे कार्ट्रिज घ्या. त्यासाठी कंपनीनेच ४०० ते ५०० पिकोफॅरड सांगितले होते. सुईच्या यांत्रिक प्रतिसादातली कसर वायरीच्या कपॅसिटन्सने भरून निघेल, असा त्यामागचा हिशोब. त्याला आजची ‘उत्तम’ म्हणून विकली जाणारी केबल लावली तर वरच्या पट्टीचा तोल जातो. उलट ऑडिओ-टेक्निकाच्या आजच्या व्हीएम-९५ मालिकेला १०० ते २००च हवेत. हा आकडा एकूण बेरजेचा असतो: टोनआर्ममधली बारीक तार, बाहेरची केबल आणि ॲम्प्लिफायरच्या आतला कपॅसिटर, तिन्ही मिळून. कमी पडत असेल तर इनपुटवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर डाग देऊन जोडता येतो. तो मिळतो चहाच्या किमतीत. जास्त झाला तर केबल आखूड करण्यावाचून फारसा इलाज नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीने सीडी-४ नावाची चार वाहिन्यांची तबकडी काढली. तिच्यात ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असायची. ती शाबूत पोहोचावी म्हणून त्या काळच्या अनेक जपानी प्लेअरना मुद्दाम कमी कपॅसिटन्सच्या वायरी बसवल्या गेल्या. चार वाहिन्यांची ती लाट ओसरली, पण त्या वायरी प्लेअरबरोबर अजून नांदताहेत, आणि त्यांवर शुअर लावणारा पिकोफॅरड कमी पडून बसतो.

याच वायरीला गुणगुण लवकर चिकटते. रेकॉर्ड कोरताना दाबलेला खर्ज वाजवताना परत उचलणारं आरआयएए समकरण ५० हर्ट्झचा आवाज १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट वाढवतं, आणि आपली घरगुती वीज नेमकी ५० हर्ट्झची. म्हणून जाळी दाट विणलेली हवी. प्लेअरमधून येणारी सुटी अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट बसली पाहिजे.

दुसरं दुखणं पाच पिनांच्या गोल डीआयएन सॉकेटचं. हे जर्मन मानक युरोपभर पसरलं, आपल्याकडच्या जुन्या सेटवरही ते दिसतं. १ आणि ४ या पिना रेकॉर्डिंगच्या, ३ आणि ५ वाजवण्याच्या, मधली २ अर्थची. बाजारातली डीआयएन-ते-आरसीए (आजच्या सेटचा एकपिनी गोल प्लग) जोडवायर लावून जुन्या ॲम्प्लिफायरवरून आजच्या रेकॉर्डरवर आवाज घ्यायला गेलात, तर आवाज क्षीण आणि मंद येतो. वायर बिघडलेली नसते. डीआयएनच्या रेकॉर्डिंग पिनांमधून मोठ्या रोधातून जवळजवळ प्रवाहच सोडला जातो: पुढच्या यंत्राच्या दर किलोओहमला साधारण एक मिलिव्होल्ट. समोर ४७ किलोओहम असले तर ४७ मिलिव्होल्टच्या आसपास, आणि लाइन इनपुटला हवे असतात काहीशे. त्यात एवढ्या मोठ्या रोधाला ५०० पिकोफॅरडची लांब केबल जोडली की ७-८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं झिरपून जातं. इथे मात्र आखूड आणि कमी कपॅसिटन्सची वायरच हवी. क्वाड कंपनीच्या ३३ प्रीॲम्प्लिफायर आणि ३०३ पॉवर ॲम्प्लिफायरची जोडी असेल तर आणखी एक खोच: त्या दोघांमधला प्लग चार पिनांचा, पाच पिनी केबल त्यात बसतच नाही.

स्पीकरच्या वायरीबद्दल मात्र थोडक्यात आटपतं. तिथे बघायचा तो रोध, आणि तो स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला की पुरे. पाच मीटर अंतरासाठी, जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात, ४०/७६ (४० बारीक तारांच्या) वायरीचा रोध ०.१५ ओहम भरतो, १४/७६चा ०.४ ओहमच्या वर जातो. आठ ओहमच्या स्पीकरला पहिली मजेत चालते, दुसरी काठावर. चार ओहमचे असतील तर अडीच स्क्वेअर एमएमची घ्यावी. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांबं साध्या तांब्याहून जेमतेम एक टक्का अधिक सुवाहक असतं. त्यासाठी दसपट मोजायची हौस असेल तर ती हौसच म्हणायची.

इथेही एक अपवाद आहे. ब्रिटनच्या नेम कंपनीने आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटला स्थिर ठेवणारं वेटोळं ठेवलं नाही, ते काम स्पीकरच्या वायरीवरच सोपवलं. म्हणून तिथे किमान साडेतीन मीटर वायर लागते. सत्तरच्या दशकात निघालेल्या, विणलेल्या, भरमसाट कपॅसिटन्सच्या स्पीकर केबली अशा ॲम्प्लिफायरना लावल्या, की ते न ऐकू येणाऱ्या कंपनसंख्येला स्वतःच थरथरू लागत आणि आतले ट्रान्झिस्टर तापून जळत.

जुन्या स्पीकरच्या दोन पिनी प्लगमध्ये अडीचची जाड वायर शिरत नाही. टोकाला बारीक तुकडा डागून घ्यावा. गोल पिन धन, चपटी ऋण. दोहोंपैकी एका स्पीकरला ती उलटी लागली, तर खर्ज नाहीसा होतो.