शिक्षणातील तंत्रज्ञान आणि भविष्यकथा : पार्श्वभूमी

शिकवणाऱ्या यंत्राच्या कथा जुन्याच आहेत. २१५७ सालातील मुले घरातल्या यांत्रिक शिक्षकाला कंटाळल्याचे दाखवणारी १९५१ ची विज्ञानकथा आपल्याकडे नववीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही आली. तंत्रज्ञान वर्गात येण्याआधी त्याचे परिणाम कथेतून तपासायचे, ही पद्धत मात्र गेल्या दोन दशकांतली. करोनाकाळात शिक्षणाच्या अभ्यासकांना तिची खरी निकड जाणवली, आणि त्यामागे इंग्लंडमधील २०२० च्या निकालांचा मोठा वाटा होता, असे मला वाटते.

त्या वर्षी बारावीच्या तोडीच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातील क्रम कळवला. पण मोठ्या वर्गांच्या बाबतीत निकाल ठरवणाऱ्या अल्गोरिदमने, म्हणजे संगणकातल्या गणिती सूत्राने, श्रेणी बाजूला ठेवली आणि शाळेचे मागील निकाल त्या क्रमावर बसवले. श्रेणी फुगू नयेत, हा हेतू गैर नव्हता. परंतु ज्या शाळेचे आधीचे निकाल बेताचे होते, तेथील हुशार मुलीला वर जायला वावच उरला नाही, तर लहान वर्गांत, म्हणजे बहुधा खासगी शाळांत, शिक्षकांचाच शब्द बऱ्याच अंशी टिकला. शिक्षकांनी दिलेल्या सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर १७ ऑगस्टला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

अल्गोरिदम विद्यार्थ्यांची पार्श्वभूमीनुसार प्रतवारी करतो, अशी कथा लिहून एका शाळकरी मुलीने २०१९ मध्ये पारितोषिक मिळवले होते. वर्षभराने तिचीच इंग्रजीची श्रेणी घसरली. इशारा लिहिला गेला होता, वाचलाही गेला होता. तो निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलापर्यंत नेणारी वाट तेवढी नव्हती.

पुढे शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांना एकत्र बसवून भावी शाळेतला एखादा दिवस लिहायला लावणाऱ्या कार्यशाळा होऊ लागल्या. कथा झाली की तिथवर नेणारा आजचा निर्णय कोणता, हे शोधायचे असते. कायदेही बदलले. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील २०२४ च्या कायद्याने प्रवेश आणि मूल्यमापन ठरवणाऱ्या प्रणाली अतिजोखमीच्या ठरवल्या, तर शाळेत यंत्राकरवी मुलांच्या भावना ताडण्यावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी आणली. भारताच्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर डिजिटल पाळत ठेवण्यास मनाई केली आहे, पण सरकारला अपवाद करण्याची मुभाही दिली आहे. आपल्याकडच्या कथांनी पहिल्यांदा हाताळावेत ते हे अपवाद : चेहरा ओळखून हजेरी घेणारा कॅमेरा त्यांत बसवला, तर तास संपल्यावर त्याने टिपलेले कोण पाहणार, आणि त्या मुलाला ते कोण सांगणार?