हौशी लोखंडकाम: पैसे कोणत्या हत्यारावर घालावेत, कोणत्यावर नाहीत

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नाशिक

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माल देणाऱ्या आमच्या दुकानात हल्ली वेगळं गिऱ्हाईकही येतं. कोणी बँकेत नोकरीला, कोणी शाळेत शिकवणाऱ्या बाई, कोणी ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले काका. यांना कारखाना काढायचा नसतो. गच्चीवरच्या खोलीत नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात कुंड्यांचा स्टँड, सायकलचा कॅरिअर, फार हौस असेल तर छोटं वाफेचं इंजिन करायचं असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "पाच-सात हजारांत काय काय येईल?" काउंटरवरच्या गर्दीत त्याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं मत सरळ आहे. जे पकडतं, जे कापतं आणि जे मापतं, त्यात पैसे घाला. बाकीचं हलकं चालतं. काही गोष्टी तर घेऊच नका, कारण ती कामं नाशिकमध्ये चार पैशांत बाहेरून करून मिळतात. भाव सारखे बदलतात, म्हणून ते इथे छापलेले नाहीत, दुकानात विचारा.

आधी वाइस

बजेटचा सगळ्यात मोठा हिस्सा वाइसला, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याला, द्या. वाइस डुगडुगला की कानस घसरते, हॅक्सॉचं ब्लेड तुटतं, आणि दोष मात्र हाताला लागतो. चार इंची, म्हणजे 100 मिमी जबड्याचा, घरच्या कामाला पुरतो. टेबलाच्या कडेला स्क्रूने अडकवायचे छोटे वाइस दिसायला गोंडस, पण सर्किट बोर्ड धरण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

घेताना दुकानातच पारखा. जबड्याच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी ठेवून वाइस हलकेच आवळा. दोन्ही पट्ट्या घट्ट धरल्या गेल्या पाहिजेत. एक सुटून आली तर जबडे समांतर नाहीत, तो वाइस परत ठेवा. सरकता जबडा हाताने वर उचलून पाहा. किंचित खेळ सगळ्यांतच असतो, पण खडखडाट नको. सारख्या मापाचे दोन वाइस असतील तर जड तो घ्या. गोल फिरणारा तळ घेण्यात अर्थ नाही, पैसे जास्त आणि मजबुती कमी. आमच्याकडे दोन्ही आहेत आणि फिरणाऱ्यात आम्हाला नफा जास्त सुटतो, तरीही हेच सांगतो.

वाइस बिडाचा असतो आणि बीड ठोक्याला तडकतं. वाकवण्या-ठोकण्याचं काम ऐरणीवर करा. मूठ आवळायला पाइप घालू नका. टेबलाला तो आरपार बोल्ट घालून बसवा, लाकडी स्क्रूने नाही. वरची कड उभ्याने कोपराला लागेल इतकी उंच हवी. पितळ किंवा पॉलिश केलेला जॉब (कामाचा तुकडा) धरताना जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे ठेवा, दात उमटत नाहीत.

ऐरणीला म्हणून रुळाचा तुकडा पुष्कळ जण शोधतात. सापडला तर पावती मागा. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. भंगारातला इंचभर जाड प्लेटचा तुकडाही तेवढंच काम करतो.

कानशी: तीन घ्या, पण चांगल्या

दहा इंची चपटी बास्टर्ड (जाड दातांची), आठ इंची अर्धगोल सेकंड कट (मध्यम) आणि सहा इंची स्मूथ (बारीक). गोल आणि तिकोनी लागेल तेव्हा घ्या. बिननावाच्या कानशीचे दात पोलादावर अर्ध्या तासात चकाकायला लागतात. चकाकले म्हणजे बोथटले.

चांगली कानस टिकवणं तुमच्या हातात आहे. मुठीशिवाय वापरू नका, मागचं टोक तळहातात घुसतं. दाब पुढे जाताना द्या, परत आणताना उचला. नवी कानस आधी पितळेवर वापरा, मग लोखंडावर, कारण पितळ धरायला ताजी धार लागते आणि लोखंडाला थोडी उतरलेली चालते. वेल्डिंगची खरपुडी आणि काळ्या पट्टीवरची पापडी जुन्या कानशीने काढा, नाहीतर नवीचे दात पहिल्याच दिवशी जातात. दातांत खडू घासला की कीस अडकत नाही, अडकलेला तारेच्या ब्रशने निघतो. आणि सगळ्या कानशी एकाच डब्यात कोंबू नका, एकमेकींचे दात त्याच खातात.

हॅक्सॉ आणि ब्लेड

फ्रेम ताठ हवी, तिच्यावर थोडे जास्त गेले तरी चालेल. ब्लेड बायमेटलचं, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं, घ्या. साध्यापेक्षा महाग, पण वाकलं तरी तुकडे होत नाहीत आणि नवशिक्याचं ब्लेड वाकतंच. दात पुढच्या दिशेने बसवा. इंचाला 18, 24 आणि 32 दात अशी ब्लेडं मिळतात. धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत, एवढं लक्षात ठेवा. 3 मिमी पट्टीला 24 चं बरोबर. त्याहून पातळ पत्रा दोन प्लायच्या मधे दाबून कापा, नाहीतर दात अडकून उडतात. घाई करू नका, मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे पुरे.

ड्रिल आणि आटे

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना आम्ही पाहतो. सोनेरी रंगाचा शंभर नगांचा डबा स्वस्त दिसतो. त्यातला रंग बहुतेक वेळा नुसता रंग असतो आणि शंभरांतले ऐंशी बिट कधी डब्याबाहेर येत नाहीत. त्याऐवजी एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) सुटे बिट घ्या: 2.5, 3.3, 4.2, 5, 6, 6.8 आणि 8.5 मिमी. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. एम3 पासून एम10 पर्यंतचे (म्हणजे 3 ते 10 मिमी व्यासाचे) आटे पाडायला आधी लागणारी भोकं यांतच येतात. हिशोब सोपा: आट्याच्या व्यासातून पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, वजा करा. एम6 चा पिच 1 मिमी, म्हणून भोक 5 चं. एम8 चा 1.25, म्हणून 6.8 चं.

स्टेनलेसला भोक पाडायचं असेल तर तेवढ्या मापाचा कोबाल्टचा बिट वेगळा घ्या. वेग साध्या लोखंडाच्या निम्म्याहून कमी आणि दाब न सोडता. बिट नुसता घासत राहिला की स्टेनलेस तिथेच कडक होतं आणि मग काहीच चालत नाही.

साध्या लोखंडात एचएसएसचा वेग असा धरा: 3 मिमी बिटला मिनिटाला सुमारे 2500 फेरे, 6 ला 1300, 10 ला 800. म्हणूनच हातातलं ड्रिल मशिन घेताना ट्रिगरने वेग कमी-जास्त होणारंच घ्या. एकाच वेगाचं स्वस्त मशिन मोठा बिट जाळून टाकतं. भोकाच्या जागी आधी सेंटर पंच मारा आणि तेलाचे दोन थेंब सोडा. पत्रा कधीच हाताने धरू नका. बिट आरपार जाताना पत्रा पंख्यासारखा फिरतो आणि बोटं कापतो. ड्रिलवर हातमोजे नकोत. ओढणी, पदर, सैल बाही आधी आवरा.

टॅपचा, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराचा, पूर्ण डबाही नको. एम4, एम5, एम6, एम8 चे तीन-तीन नगांचे एचएसएस संच आणि एक हँडल बस. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावत. हलका टॅप भोकात तुटला की साध्या ड्रिलने निघत नाही. मग अंबडला स्पार्क मशिनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) जायचं आणि टॅपच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी द्यायची.

माप

डिजिटल व्हर्नियर (जबड्यांत धरून जाडी-व्यास मापायचं हत्यार) स्वस्तातला घेतला तरी हौशी कामाला चालतो, फक्त तपासून घ्या. पडद्यावर 0.01 दिसतं म्हणून तेवढी अचूकता असते असं नाही, 0.02-0.03 चा फरक गृहीत धरा. तपासायला एक नवं 6202 बेअरिंग पुरतं: बाहेरचा व्यास 35 मिमी, आतला 15, जाडी 11. आमच्या काउंटरवर ते कायम ठेवलेलं असतं, मागून घ्या. जबडे मिटून उजेडासमोर धरा. मधून प्रकाशाची फट दिसली तर तो व्हर्नियर नको.

गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) पारखायला पैसे लागत नाहीत. सरळ कडेच्या पत्र्यावर टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही एकच झाल्या तर गुण्या खरा. आमच्या पेटीतलेही दोन-तीन यात नापास होतात, लाज न बाळगता बदलून मागा.

ग्राइंडर

विजेच्या हत्यारांत नाव पाहून घ्यावं असं हे एकच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. तिथे बेअरिंग, स्विच किंवा गार्ड हलकं असणं परवडत नाही. चाकावर छापलेला वेग मशिनच्या वेगापेक्षा जास्त हवा. मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती उलटलेलं चाक कितीही स्वस्त मिळालं तरी फेकून द्या. कटिंगच्या पातळ चाकाने बाजूने घासू नका. मोठं चाक बसावं म्हणून गार्ड काढणारे आम्ही रोज पाहतो. त्यांना चाक विकत नाही. लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला मागणाऱ्यांनाही नाही.

याबरोबर बाजूने बंद असलेला गॉगल घ्या. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही.

हलकं चालेल ते

हातोडी, छिन्नी, सेंटर पंच, तारेचा ब्रश, सी-क्लॅम्प, रेघ मारायची सुई. छिन्नीचं डोकं फुलून कडा आल्या की ग्राइंडरवर घासा, नाहीतर तुकडा उडून डोळ्यात जातो. पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर यांच्यासाठी लांब पाहायला नको. स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने 1969 पासून हातहत्यारं बनवणाऱ्या तापडियाचा कारखाना आपल्याच त्र्यंबक रोडवरच्या एमआयडीसीत आहे, आणि हौशी माणसाला त्याहून महाग काही लागत नाही. हलका ॲडजस्टेबल पाना मात्र नको. तो नटाचे कोपरे गोल करतो.

घेऊ नका, करून घ्या

छोटा लेथ (धातू गोल फिरवून कापायचं मशिन) हे अनेकांचं स्वप्न. आम्ही मोडता घालत नाही, पण वर्षात चार बुश (पोकळ गोल तुकडे) लागणार असतील तर लेथवाल्या टर्नरकडून करून घ्या. लेथबरोबर चक, टूल, सेंटर यांचा खर्च मशिनच्या मागे लागतोच. पत्र्याचे नक्षीदार आकार लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंग देऊन मिळतात.

वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशिन वर्षभर हात बसल्यावर घ्या. खोक्यावरच्या 250-300 अँपिअरच्या आकड्याला भुलू नका. घरी 2.5 मिमी रॉड वापरायचा, त्याला 60 ते 90 पुरतात, आणि मशिनला 16 अँपिअरचा पॉइंट व नीट अर्थिंग लागतं. जस्त चढवलेल्या पाइपवर बंद खोलीत वेल्डिंग नको, त्या धुराने ताप भरतो.

बंद पडलेल्या वर्कशॉपचं सामान विकायला निघालं तर जुना वाइस, ऐरण, बेंच ग्राइंडर डोळे झाकून नाही पण जरूर पाहा. जुनं बीड नव्या हलक्यापेक्षा बरं. जुन्या कानशी, टॅप, ग्राइंडरची चाकं अजिबात नकोत.

तांब्या-पितळेवर हात बसवायचा असेल तर

नाशिकच्या तांबट आळीचं नाव तुम्हाला सांगायला नको. मठारकामाला (हातोडीने ठोकून भांडं घडवायला) नवं हत्यार थोडंच लागतं: हातोडीचं तोंड आरशासारखं घासून घ्या, कारण तोंडावरचा प्रत्येक ओरखडा भांड्यावर उमटतो. ती हातोडी खिळ्यावर वापरू नका. ठोकून तांबं ताठर झालं की मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ पडतं. पोलाद असं बुडवलं तर उलट कडक होतं, तेव्हा दोघांची गल्लत नको.

पावसाळ्यात चार महिने प्रत्येक हत्यारावर मशिन तेलाचा हात फिरवा. कानशी मात्र कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. तेलकट कानस घसरते.

दुकानातली व्यवस्था

येताना कामाचा नमुना किंवा फोटो आणा, धातू कोणता ते ठाऊक नसेल तर छोटा तुकडा आणा. वाइस, गुण्या आणि व्हर्नियर वरच्या चाचणीत नापास झाले तर बिल दाखवून सात दिवसांत बदलून देतो. वापरलेले बिट, टॅप आणि ब्लेड परत घेत नाही. बोथट झालेले 6 मिमीच्या वरचे बिट शनिवारी दुपारी धार लावून देतो. नवे घेण्याआधी तेवढं विचारा.