प्रायमाक्विनने फुटणाऱ्या तांबड्या पेशी : पार्श्वभूमी

व्हायव्हॅक्स हिवताप निघाला की डॉक्टर क्लोरोक्विनच्या जोडीला 14 दिवस प्रायमाक्विन देतात. यकृतात दडून बसलेले जंतू क्लोरोक्विनला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी ही दुसरी गोळी. बहुतेकांना ती सोसते. काहींची लघवी मात्र दोन-तीन दिवसांत काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, हिमोग्लोबिन झरझर उतरते. एरवी सुमारे 120 दिवस जगणाऱ्या तांबड्या पेशी भराभर फुटत असतात.

याच कुळातल्या पामाक्विनने असे होते, हे 1920च्या दशकातच दिसले होते. पण तेच औषध शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला का बाधत नाही, याचा उलगडा व्हायला 1950चे दशक उजाडले. तो झाला अमेरिकेत, इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात. तिथे कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन औषधे तपासत. संमती घेतली जाई. पण गजाआडच्या माणसाच्या होकाराला कितपत मोकळीक असते? हे वगळून या शोधाचा इतिहास सांगू नये, असे मला वाटते.

प्रयोग साधा आणि निर्णायक होता. औषध बाधणाऱ्याच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या औषध सोसणाऱ्याच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिले. त्या फुटल्या. उलट अदलाबदल केली, तेव्हा पेशी टिकल्या. म्हणजे उणीव पेशीतच होती. 1956 साली कार्सन आणि सहकाऱ्यांनी ती नेमकी दाखवली: जी-6-पीडी हे एन्झाइम कमी. ते पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो.

आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत ही कमतरता जास्त आढळते. तिच्या एका प्रकाराच्या नावात तर आपले कल्याण शहर आहे: 'केरळ-कल्याण'. हिवतापाच्या पट्ट्यात ती टिकली, कारण तिने त्या आजारापासून थोडे संरक्षण दिले असावे, असे मानतात.

फक्त गोळ्यांनीच पेशी फुटतात असे नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी दुपटी-झबली गुंडाळली, तरी तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता रक्ताच्या साध्या चाचणीत कळते. घरात कुणाला औषधानंतर काळी लघवी झाली असेल, तर प्रायमाक्विनची पहिली गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगावे आणि ती चाचणी करून घ्यावी.