नऊ हजार फेरे, आणि त्यापुढे का नाही?

१९९९ साली आलेल्या होंडा एस२००० या दोन आसनी गाडीचं इंजिन मिनिटाला सुमारे ९,००० फेरे मारायचं. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या याच गाडीला २.२ लिटरचं इंजिन मिळालं आणि लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची सुरक्षित कमाल मर्यादा, ८,००० वर आली. इंजिन मोठं झालं, फेरे मात्र घटले! सिलिंडरचा व्यास तोच होता. पिस्टनचा पल्ला, म्हणजे सिलिंडरमध्ये तो वरून खाली जितकं अंतर जातो ते, ८४ मिलिमीटरवरून ९०.७ वर गेला होता.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो. ९,००० म्हणजे सेकंदाला १५० फेरे. पहिल्या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर निघतो, दुसऱ्यात २४. फॉर्म्युला वनची २.४ लिटरची इंजिनं तर १८,००० पर्यंत जायची, पण त्यांचा पल्ला जेमतेम ४० मिलिमीटर. म्हणजे वेग पुन्हा २४ च्या घरात. हे जुळणं मला आजही विलक्षण वाटतं.

खरा घात होतो तो टोकाला. वर पोचलेला पिस्टन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. एस२०००मध्ये ९,००० फेऱ्यांना तिथलं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४,८०० पट भरतं. पिस्टन ३०० ग्रॅमचा धरला, तरी जवळजवळ दीड टनाची ओढ! स्फोटाच्या वेळी वायूचा दाब पिस्टनला खाली रेटतो. पण जळका धूर बाहेर टाकून वर आलेल्या पिस्टनला खाली खेचायचं काम पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या एकट्या कनेक्टिंग रॉडवर आणि तिच्या बोल्टांवर पडतं. शिवाय फेरे दुप्पट झाले की ही ओढ चौपट होते.

व्हॉल्व्हचं, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, दुखणं वेगळं. कॅम हा फिरता उंचवटा त्याला उघडतो, बंद करते ती स्प्रिंग. वेग फार वाढला की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पिस्टन त्यावर आदळू शकतो. स्प्रिंग कडक केली तर घर्षण आणि झीज वाढते. शर्यतीच्या इंजिनाला ते परवडतं. रोजच्या गाडीला लाखभर किलोमीटर तरी सहज काढायचे असतात.

पेट्रोल पुरेसं वेगानं जळत नसेल, असं अनेकांना वाटतं. पण फेरे वाढले की सिलिंडरमधली हवा जास्त घुसळते आणि ज्योतही वेगानं पसरते. हवा आत घ्यायला वेळ कमी पडतो, हे मात्र खरं.

लाल रेघ ओलांडली की संगणक इंधन तोडतो. पण भरधाव गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे इंधन तोडूनही ते वाचत नाही.