टेप न लावता घेतलेलं माप

१८८०च्या दशकात पॅरिसचे पोलीस पकडून आणलेल्या माणसाची आधी मापं घेत. डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात अशी ११ मापं पोलीस खात्यातल्याच आल्फाँस बर्तिलाँ यांनी ठरवून दिली होती. नाव खोटं सांगता येतं, हाडांची लांबी बदलता येत नाही. एका मापात दोन माणसं जुळण्याची शक्यता चारात एक धरली, तर अकराही मापं जुळण्याची शक्यता सुमारे ४२ लाखांत एक!

पण उंच माणसाचे हातही लांब असतात आणि पायही. मापं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे शक्यतांचा असा सरळ गुणाकार करता येत नाही. १८८८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी सहसंबंधाची, म्हणजे एक माप बदललं की दुसरं त्याच्यासोबत किती बदलतं याची, कल्पना मांडली, ती शरीराच्या अशाच मापांवरून.

आज ही मापं कॅमेरा घेतो. २०१०मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा व्हिडिओ गेमसाठीचा कॅमेरा खोलीभर अवरक्त किरणांचे हजारो ठिपके टाकायचा. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. समोरची वस्तू जवळ किंवा लांब असेल तसे ठिपके जागेवरून सरकलेले दिसतात, आणि त्यावरून अंतर निघतं. मग संगणक त्या आकारातून खांदा, कोपर, गुडघा असे २० बिंदू शोधतो, तेही सेकंदाला ३० वेळा. दोन बिंदूंमधलं अंतर मोजलं की दंडाची किंवा मांडीची लांबी मिळाली.

माप अर्थातच शिंप्याइतकं नेमकं नसतं. चार मीटरवर काही सेंटिमीटरची चूक सहज होते. साडीच्या निऱ्यांआड गुडघा नेमका कुठे आहे, याचा तर अंदाजच बांधावा लागतो. अनेक चित्रांची सरासरी घेतली की चूक कमी होते, पण जात नाही. रेल्वे स्टेशनच्या गर्दीत एकाच मापाची कितीतरी माणसं निघतील. घरातल्या चौघांना वेगळं ओळखायला मात्र उंची आणि खांद्यांची रुंदी बहुतेक वेळा पुरते.

मला काळजी वाटते ती इथेच. वृद्धाश्रमात कोणी पडलं तर कळावं म्हणून असे कॅमेरे सुचवले जातात. नुसत्या अंतराच्या चित्रात चेहरा दिसत नाही, म्हणून खासगीपणा जपला जातो, असं सांगतात. पडलेल्या माणसाला वेळेत मदत मिळणं मोलाचंच आहे. पण तिथे वीसच माणसं राहतात, आणि रात्री अंधारात संडासला कोण किती वेळा उठलं, हे त्या बिनचेहऱ्याच्या आकृत्यांच्या मापांवरूनही बऱ्याचदा कळू शकतं.